भाडं राहू दे, पहिल्या दिवशी किती?

मे संपला की कोल्हापुरातल्या आमच्या शाहूपुरीतल्या गाळ्यात येणारी माणसं बदलतात. एरवी दुकानगाळ्यांचे करार, वाटणीपत्रांची चौकशी, वारसनोंद राहून गेलेल्या घरांच्या फायली. जून आला की पुण्याला निघालेली पोरं आणि त्यांचे आईबाप. मी भाडेकरार ऑनलाइन नोंदवून द्यायचं काम करते. टेबलावर लॅपटॉप, शेजारी अंगठ्याचं मशीन आणि मशीनशेजारी ओला फडका, कारण उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या माणसाचा अंगठा पहिल्या झटक्यात कधी उमटत नाही. जूनमधली माणसं मात्र करार करायला आलेली नसतात. घरच मिळालेलं नसतं, करार कसला? ती विचारायला येतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, पुण्यात वन बीएचकेला किती पडतात ओ?"

माझं म्हणणं असं की हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी विचारायचं, पहिल्या दिवशी एकूण किती मोजायचे?

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या लेकीला पुण्यात नोकरी लागली. ऑफिस रामवाडी मेट्रो स्टेशनच्या जवळ. साहजिकच पहिलं घर विमाननगरचं बघितलं. भाडं 24,000. पगाराच्या मानानं जड, पण मैत्रिणीबरोबर अर्धं केलं तर ओढता येईल असं वाटणारं. मग मी कागद घेतला. डिपॉझिट तीन महिन्यांचं, म्हणजे 72,000. एजंटाला एक महिन्याचं भाडं, 24,000. चालू महिन्याचं भाडं आगाऊ, आणखी 24,000. सोसायटीत सामान आत न्यायचे 2,000. कराराचा खर्च, वर एजंटाच्या माणसाचे, धरा 3,000. झाले सव्वा लाख. अजून गादी, गॅसची शेगडी, बादली यातलं काही आलेलं नाही. आणि पहिला पगार महिना भरल्यावर.

आता हे सव्वा लाख कुठनं आणायचे? माझ्यासमोर बसणारी निम्मी माणसं करवीर, कागल, राधानगरीकडची शेतकरी घरं. जूनमध्ये त्यांच्याकडं उभा पैसा नसतो. उसाचं बिल गावच्या विकास सोसायटीच्या कर्जात वळतं झालेलं, उरलेलं खत-बियाण्यात गेलेलं, दूधबिलावर घर चाललेलं. मग पतसंस्थेत सोनं ठेवायचं. पोरगीच्या पगारातनं भाडं सहज भागलं असतं, पण घरात शिरायच्या दिवसाची रक्कम भागत नाही आणि घर हातचं जातं. म्हणून मी म्हणते, स्वस्त घर म्हणजे कमी भाड्याचं घर नव्हे. पहिल्या दिवशी कमी पैशात उघडतं ते स्वस्त घर.

डिपॉझिट परत मिळतं की, असं लोक म्हणतात. मिळतं, पण तोवर ते मालकाकडं बिनव्याजी पडून असतं, आणि आपण त्याच्यासाठी पतसंस्थेला व्याज भरत असतो. केंद्रानं 2021 मध्ये आदर्श भाडेकरी कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट असं आहे. तो नमुना आहे, राज्यानं आपला कायदा केल्याशिवाय मालकाला बांधत नाही. पण बोलताना सांगायला बरा पडतो. अनुभव असा की मालक भाड्यावर हटून बसतो आणि डिपॉझिटवर सैल होतो, कारण भाड्याचा आकडा शेजारच्या मालकाला सांगायचा असतो, डिपॉझिटचा नसतो. घासाघीस करायची ती तिथं.

माझे सासरे आजरा तालुक्यातले. लालबागच्या गिरणीत लागले तेव्हा त्यांनी घर शोधलंच नव्हतं. गावकीची खोली होती. गावानं वर्गणी काढून चाळीत घेतलेली एक खोली, त्यात पाळीप्रमाणे झोपणारे वीस-पंचवीस बाप्ये. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा व्हायचा. प्रत्येकाला एक ट्रंक आणि भिंतीतली एक खुंटी, जेवण खानावळीत. आजरा, गडहिंग्लज, चंदगडकडच्या कितीतरी गावांच्या अशा खोल्या मुंबईत होत्या. सासरे सांगायचे, गावाहून नवा आलेल्याला पहिला पगार होईपर्यंत खोलीचे पैसे कुणी मागायचं नाही असा नियम होता. 1982 चा संप झाला, गिरणी सुटली, सासरे परत येऊन शेतीला लागले. पण हा नियम मला फार शहाण्या माणसांनी केलेला वाटतो. नवख्याची खरी अडचण त्यांना नेमकी कळली होती.

आता पुण्यात गावकीची खोली नाही. तिच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट आहे, कॉट बेसिस, म्हणजे सामायिक खोलीत एक खाट भाड्यानं. थोरलीनं नाक मुरडलं. "आई, मी काय परीक्षा द्यायला चालले का?" तिला स्वतःचं स्वयंपाकघर हवं होतं, पडदे हवे होते. मी म्हटलं, पडदे पुढच्या महिन्यात. आधी ऑफिसच्या आसपास एक कॉट घे, आणि घर तिथं राहून शोध. कॉटला 8,000 पडत होते, सकाळचा नाष्टा धरून, डिपॉझिट एका महिन्याचं. म्हणजे 16,000 मध्ये ती पुण्यात उतरली. एक महिना डोक्यावर छप्पर, आणि संध्याकाळी पायी फिरून घर बघायला मोकळी.

कोल्हापुरात बसून पुण्यातलं घर फोटोवर ठरवणाऱ्यांना मी हात जोडते. फोटोत पाणी दिसत नाही, आवाज दिसत नाही, मालक दिसत नाही. शिवाय फोटोवाल्या जाहिरातींत ते फौजी असतातच. हा प्रकार देशभर चालतो. घर झकास, भाडं निम्मं, मालक म्हणतो मी लष्करात आहे, बदली झाली, किल्ली माझा माणूस देईल, आधी एवढं टोकन पाठवा, परत मिळेल. सोबत गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र. आमच्या जिल्ह्यात हे जास्तच खपतं, कारण सैनिक टाकळीसारखी गावं इथं आहेत, घरटी कुणीतरी फौजेत, आणि गणवेश बघितला की आपला माणूस वाटतो. माझ्यासमोर एक गृहस्थ बसले होते, असे 15,000 घालवून आलेले. ते स्वतः निवृत्त सुभेदार. "फौजी खोटं बोलंल असं वाटलं न्हाई ओ मला," एवढंच म्हणाले. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि मालकाच्या नावाचं लाइटबिल नाहीतर घरफाळ्याची पावती हातात आल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पैसे आपल्याला मिळत नाहीत, आपले जातात, हे शिकलेल्या पोरांनासुद्धा सांगावं लागतं.

तिथं गेल्यावर नकार किती प्रकारचे असतात ते कळतं. बॅचलर नको. मुली चालतील पण दहानंतर गेट बंद. एका ठिकाणी सगळं जमलं, मग काकू म्हणाल्या, अंडं चालेल, मटण चालणार नाही. थोरलीनं फोन केला, "आई, रविवारचं काय?" कोल्हापूरच्या पोरीला तांबड्या-पांढऱ्यावाचून रविवार काढायला सांगणं म्हणजे जरा जास्तच झालं, तरी मी म्हटलं घे, रस्सा इथं येऊन पी. तिनं घेतलं नाही. बरंच केलं.

पण हसण्यावारी नेता येत नाही असंही झालं. तिची मैत्रीण इचलकरंजीची, मुसलमान. दोघी मिळून घर घेणार होत्या. एजंट फोनवर गोड बोलायचा, घर दाखवायचा, आणि पूर्ण नावं विचारली की "मालकांना विचारून कळवतो" म्हणायचा. मग कळवायचाच नाही. एकानं थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं, तू एकटी असशील तर आत्ता किल्ली देतो. ही फटकन बोलणारी. काय बोलली ते इथं लिहीत नाही.

रात्री तिनं मला हे सांगितलं तेव्हा कोल्हापूरचा दसरा चौक डोळ्यापुढं आला. शाळेत असताना आम्हाला सहल म्हणून तिथली बोर्डिंगं, म्हणजे वसतिगृहं, दाखवायला नेलं होतं. राहायची सोय नाही म्हणून बाहेरगावच्या पोराचं शिक्षण थांबतं हे शाहू महाराजांनी ओळखलं आणि 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. त्या वयात वाटायचं, एवढी वेगवेगळी कशाला, एकच मोठं का नाही बांधलं? थोरलीच्या त्या फोननंतर मला त्याचं कारण नव्यानं कळलं.

घर शेवटी एजंटाकडनं मिळालंच नाही. थोरलीच्या मेसच्या मावशी मूळच्या कागलच्या निघाल्या. त्यांचा भाचा कासारवाडीत राहायचा, त्याची बदली नाशिकला झाली होती आणि खोली पंधरा दिवसांत सुटणार होती. अशी सुटणारी खोली हेरायची. मेसवाल्या मावशी, इस्त्रीवाला, वॉचमन, दूधवाला, यांना कुणाचं सामान हलणार हे एजंटाच्या आधी कळतं. आणि ज्या तारखेला जुना भाडेकरू जाणार त्याच तारखेला नवा येणार असेल तर मालकाचा घर रिकामं पडायचा महिना वाचतो, रंगाची आणि एजंटाची कटकट वाचते. आपण भाडं कमी मागतोय असं त्याला वाटत नाही, आपण त्याचे पैसे वाचवतोय असं वाटतं. बोलणी तिथनं सुरू केली की पुढचं सोपं जातं.

कासारवाडी ऐकून आमचे हे म्हणाले, "रामवाडी कुठं, कासारवाडी कुठं! नकाशा बघितलास का?" मी नकाशा नाही, मेट्रो बघितली होती. कासारवाडी पिंपरी ते स्वारगेट या मार्गावर, रामवाडी वनाज मार्गावर, दोन्ही सिव्हिल कोर्टला एकत्र येतात. तिथं जमिनीच्या पोटातनं सरकत्या जिन्यांनी वर यायचं आणि दुसरी गाडी धरायची. दारापासून दारापर्यंत तास धरा. विमाननगरमधनं चालत जाता आलं असतं, मान्य. पण रोजच्या त्या तासाच्या बदल्यात भाडं जवळजवळ निम्म्यावर येत होतं. पुण्यात घर शोधणाऱ्यानं किलोमीटर मोजू नयेत, स्टेशनं मोजावीत. रस्त्यानं सहा किलोमीटरला दीड तास लागलेला मी स्वतः भोगलाय, हिंजवडीकडं. आणि आमचा आणखी एक फायदा, कोल्हापूरची एसटी स्वारगेटला उतरवते आणि तिथनं कासारवाडी थेट, गाडी बदलायची नाही. बोचकं घेऊन आलेल्या आईला याची किंमत विचारा.

घर बघायला मी गेले. तीन मजली इमारत, खाली मालक स्वतः, वर भाडेकरू. तिथले मूळचे रहिवासी, जुन्या जागेवर बांधलेलं घर. अशी घरं वेबसाइटवर नसतात. सोसायटी नाही म्हणजे लिफ्ट नाही, वॉचमन नाही, पण मेंटेनन्स नाही आणि आडनावाला नाक मुरडणारी कमिटीही नाही. मालकीणबाईंनी मैत्रिणीचं नाव ऐकलं, विचारलं एवढंच, "भाडं वेळेवर देणार न्हवं?" मी म्हटलं, देणार. झालं.

मग मी माझं सुरू केलं. सगळे नळ एकदम सोडले, फ्लश ओढला, न्हाणीच्या जाळीत बादली ओतून पाणी किती वेळात जातं ते बघितलं. कपाटामागच्या भिंतीला हात लावला. पावसाळ्यात घर बघायचा हाच फायदा, ओल लपत नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पोपडे होते, ते तिथंच दाखवले. पाण्याचं विचारलं. कासारवाडी येते त्या पिंपरी-चिंचवडला 2019 पासून दिवसाआड पाणी, त्यामुळं टाकी किती लिटरची आणि मोटर कोण चालू करतं हे महत्त्वाचं. शहराच्या पाण्याच्या थेट पाइपलाइनची वाट बघण्यात ज्याची अर्धी हयात गेली त्या कोल्हापूरकराला दिवसाआड पाण्याचं काय भय! पण टँकर आणला तर पैसे कुणी द्यायचे, हे आधी बोलून घेतलं. वीज सबमीटरवर होती, युनिटला 10 रुपये म्हणाल्या. ठीक, पण तो आकडा करारात लिहायचा असं सांगितलं आणि मीटरच्या आकड्याचा फोटो त्यांच्यासमोर काढला.

आणि शेवटी विचारलं, "पुराचं पाणी कुठवर येतं?" त्या बघतच राहिल्या. आमच्याकडं 2019 आणि 2021 बघितल्यावर घर भाड्यानं घेताना हे विचारल्याशिवाय कुणी पुढं सरकत नाही. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत तर भिंतीवरच्या रेघाच दाखवतात. पवनेचं पाणी खालच्या अंगाला येतं, आमच्यापर्यंत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी वरच्या टपरीवाल्याला पुन्हा विचारलं. त्यानंही तेच सांगितलं.

भाडं 13,000, डिपॉझिट दोन महिन्यांचं 26,000, एजंट नाही. आगाऊ भाड्यासह 39,000, दोघींत वाटून एकोणीस-वीस हजार. सोनं कपाटातच राहिलं.

करारावरनं मात्र थोडी जुंपली. मालक म्हणाले, "पाचशेच्या स्टँपवर नोटरी करू, आम्ही सगळ्यांचं तसंच करतो. उगा खर्च कशाला?" हे वाक्य मी रोज ऐकते, त्यामुळं उत्तर तोंडपाठ आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा 1999, कलम 55. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि खरी मेख पुढं आहे. नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं ओझं मालकावर. हे ऐकल्यावर ते गप्प झाले. अकरा महिन्यांचा म्हणून नोंदणी नको, हा समज आपल्याकडं फार घट्ट बसलाय. खर्चही काही आभाळाला टेकत नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का, तेही एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं वर्षाला दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर. आमचं चारशेच्या आत आलं. शहरात नोंदणी फी 1,000. वर थोडं हाताळणी शुल्क. एजंटाची माणसं याचे चार-पाच हजार सांगतात, तेव्हा फोड मागायची.

दोन्ही पक्षांना एकाच ठिकाणी यावं लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. मालकांनी अंगठा त्यांच्याजवळच्या केंद्रात दिला. पोरी शनिवारी कोल्हापूरला आल्या आणि माझ्याच टेबलावर थंब देऊन गेल्या. इचलकरंजीच्या पोरीचे वडील सोबत होते, यंत्रमागावर आयुष्य गेलेले. त्यांनी मसुदा शब्दन् शब्द वाचला आणि एकच बदल सुचवला. घर सोडल्यावर डिपॉझिट "लवकरात लवकर" परत देऊ असं होतं, तिथं "ताबा देतानाच" लिहायला लावलं. इतके करार केलेत मी, पण त्यांच्याइतकं बारकाईनं वाचणारा क्वचित बघितला. रंगाचे पैसे कापायचे नाहीत, दोन्हीकडनं एक महिन्याची नोटीस, लॉक-इन नाही (म्हणजे ठराविक मुदत राहिलंच पाहिजे अशी अट नाही), पोपडे आधीपासून आहेत, सबमीटरचा दर, सगळं आत घातलं. दोघींची नावं भाडेकरू म्हणून, एकीचं आत आणि दुसरी "सोबत राहणार" असं नाही. एक लग्न ठरून गेली तर दुसरीनं कुठल्या कागदावर राहायचं? पोलीस पडताळणी मालकांनी ऑनलाइन केली. याच करारावर दोघींचं बँकेत पत्ता बदलायचं काम झालं.

आता करार संपत आलाय. मालकीणबाई हजार वाढवा म्हणतायत, मी पाचशेवर अडून बसले आहे. बहुतेक सातशेवर मिटेल. डिपॉझिट मात्र आहे तेवढंच ठेवायचं त्यांनी आधीच कबूल केलं, आणि खरं सांगू, मला तेवढंच हवं होतं.